न्हाणीघरात न पडलेले डाग

सांगानेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर टाइलचं एक मोठं दुकान आहे. आत भिंतीच भिंती उभ्या केलेल्या, आणि कुठल्याच भिंतीमागे घर नाही. एका भिंतीला ओटा, दुसरीला नळ. मी एका नळाची चकली फिरवून बघितली. पाणी आलं नाही.

"आई, ते नुसतं दाखवायला आहे," सून हळूच म्हणाली.

"मग एवढी धूळ हाताला लागली ती धुवायची कुठं?"

तिनं पर्समधून ओला कागद काढून दिला.

आम्ही तिथे गेलो कारण घरातली भिंत पाझरत होती. तिलक नगरातल्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि माझं न्हाणीघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. स्वयंपाकघराच्या बाजूनं डब्यांच्या मागे गिलावा फुगला, मग पापुद्रे डाळीत पडायला लागले. मिस्त्री म्हणाला, दोन्हीकडची फरशी काढल्याशिवाय गळती सापडणार नाही. म्हणजे दोन्हीकडे नवी टाइल आली.

माझे यजमान विमा कंपनीत होते. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि ते निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलो. घर त्यांनी घेतलं, न्हाणीघरात खरखरीत कोटा फरशी त्यांनीच घातली. मला विचारलं नाही, आणि असलं काही विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जमीन शेणानं सारवायची. तिचा रंग कोण पसंत करणार? पुढे भाड्याच्या घरांत जी असेल ती फरशी पुसली. त्यामुळे सून, इथलीच, मराठी लग्नानंतर शिकलेली, जेव्हा म्हणाली, "तुमच्या बाथरूमचं तुम्हीच ठरवा आई, मतलब वापरणार तर तुम्हीच ना," तेव्हा मला बरं वाटलं. ते मी तोंडावर दाखवलं नाही.

माझ्या घरात एक नियम आहे तो आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावायचा नाही. हा नियम माझ्या सासूचा. ती गेली, तिचा मुलगा म्हणजे माझे यजमान गेले, गाव सुटलं, नियम राहिला. जयपूरच्या थंडीत सुनेला सकाळचं कॉलेज असायचं, ती तिथे शिकवते. ती आधी डोक्यावरून पाणी घ्यायची आणि मग चहाचं आधण ठेवायची. मुलगा म्हणायचा, "आई, चहाला कसलं सोवळं?" मी म्हणायचे, "चहा ओट्यावर होतो, तुझ्या खिशात होत नाही." सून एका शब्दानं बोलली नाही, नियम पाळला. मला तो नियम आजही बरोबर वाटतो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

दुकानात स्वयंपाकघराचं आधी झालं. दुकानदार मुलगा कॉम्प्युटरवर आमच्या मापाचं स्वयंपाकघर उभं करायचा आणि बोटानं त्यातल्या टाइल बदलायचा. शेगडीच्या मागे त्यानं किटल्या आणि कपबश्या छापलेल्या टाइल लावून दाखवल्या.

"ये हाइलाइटर है माताजी. तीन प्लेन, एक हाइलाइटर, फिर तीन प्लेन. किचन खिल जाता है."

"चहा कपात पुरे झाला," मी सुनेला म्हटलं. "भिंतीवर नको."

तिला सांगानेरी कापडासारख्या निळ्या बुट्ट्यांच्या टाइल हव्या होत्या, लहान लहान आणि विटांसारख्या सांधा मोडून लावलेल्या. मी म्हटलं, जितके सांधे तितकी हळद. फोडणी उडते, सांध्यात बसते आणि मग पिवळी भिंत घासत बसायचं. शेवटी ओट्यामागे मोठ्या पांढऱ्या टाइल आणि वर बुट्ट्यांची एकच ओळ, असं ठरलं. तिचंही राहिलं आणि माझंही. त्या वेळी मी खुशीत होते.

मग न्हाणीघर आलं. तो मुलगा आत गेला आणि एक करडी, खरबरीत टाइल घेऊन आला. बसस्टँडच्या फरशीसारखी. ती त्यानं सुनेच्या पुढे ठेवली.

"माताजी के बाथरूम में तो ये डलवाइए मैडम. बुजुर्गों वाली. पैर नहीं फिसलेगा. सब यही ले जाते हैं." मग आवाज थोडा खाली आणून त्यानं विचारलं, "माताजी चल लेती हैं ठीक से?"

मी तिथेच उभी होते. माझ्या पायांनी दुकानात आले होते, माझ्या हातानं नळ फिरवला होता. त्यानं मला विचारलं नाही, सुनेला विचारलं. जसं म्हशीचं दूध किती, हे म्हशीला कुणी विचारत नाही.

समोर दुकानातली सगळ्यात मोठी भिंत होती. पांढरी, आरशासारखी चकचकीत, आत करड्या शिरा. दोन टाइल शेजारी ठेवल्या की एकीतली शीर दुसरीत जायची, तिथून खाली उतरायची आणि जमिनीवर येऊन पसरायची. भिंतीलाही तीच टाइल, खालीही तीच. कुठे तुटणं नाही. उघडलेल्या पुस्तकाच्या दोन पानांसारखी ती लावतात, असं त्यानं सांगितलं होतं.

"ती," मी म्हटलं.

"आई, ती भिंतीला लावू. खाली बिनचमकेची, मॅट घेऊ. पाय सरकेल."

"माझा पाय आजवर सरकलेला नाही."

"आजवर खाली कोटा होता."

"तुमच्या न्हाणीघरात चकचकीत चालते, माझ्यात का नाही? मी म्हातारी झाले म्हणून माझ्या पायाखाली बसस्टँड?"

हे मी मोठ्यानं बोलले. शेजारी दुसरं कुटुंब टाइल बघत होतं, त्यांनी वळून पाहिलं. सुनेचे कान लाल झाले. "ठीक आहे, तुमची पसंती," ती म्हणाली आणि तीच टाइल खाली-वर लिहून घ्यायला सांगितली.

गाडीत ती म्हणाली, "निदान भिंतीला धरायला एक दांडा लावू?"

"दांडा इस्पितळात असतो," मी म्हटलं.

काम उन्हाळ्यात झालं. मिस्त्रीला ती टाइल फार आवडली. शिरा जुळतात की नाही हे बघायला तो आधी अंगणात सगळ्या टाइल कोरड्याच मांडायचा, लांब उभा राहायचा, डोकं वाकडं करून बघायचा आणि मग उचलून आत न्यायचा. "शीशे जैसा लगेगा अम्माजी," तो म्हणायचा. मी खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे, ही शीर इकडे वळव, ती तिकडे. या घरात माझ्या सांगण्यावरून झालेली ती पहिली वस्तू. शेजारच्या बायका बघून गेल्या. मी त्यांना चप्पल काढून आत जायला लावलं.

पहिल्या दिवशी मी आत गेले, कडी लावली, पाट ठेवला. कडीचं मला महत्त्व आहे. लहानपणी आम्ही परसात दोन खाटा उभ्या करून, त्यावर लुगडं टाकून आंघोळ करायचो, वारा आला की सगळं उघडं. दार आणि आतून कडी हे मला लग्नानंतर मिळालं. तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही, कुणी बघत नाही.

पहिला तांब्या अंगावर घेतला आणि फरशी हरवली. दुसरा शब्द मला सापडत नाही. पांढऱ्यावर त्या करड्या शिरा होत्याच, त्यावर पाणी वाहायला लागलं, आणि शीर कुठली, पाणी कुठलं, ते कळेना. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे लागते तेही दिसेना, कारण मीच ते तुटू दिलं नव्हतं. उठताना पाट मागे सरकला आणि माझे दोन्ही पाय पुढे गेले. हातात नळ आला म्हणून वाचले. कंबर भिंतीला आपटली. नळाला लोंबकळत मी किती वेळ तशीच होते कोण जाणे. अंगावर कपडा नाही, दाराला कडी, आणि खाली आरसा.

पडले नाही. पडले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना कळलं असतं, चार दिवस बोलणी खाल्ली असती आणि फरशी बदलली असती. बचावले म्हणून गप्प बसता आलं.

दुसऱ्या दिवशी जुना टॉवेल अंथरून बघितला. तो भिजल्यावर माझ्यासकट सरकला. प्लॅस्टिकचं स्टूल नेलं तर त्याचे पाय बकरीच्या पिलासारखे फाकले. रबरी चटई मागवता आली असती. ती मागवायची म्हणजे सुनेला सांगायचं, आणि ती म्हणणार, मी तुम्हाला दुकानात काय म्हटलं होतं? ती तसं म्हणाली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ती तसंच म्हणत होती. मुला-सुनेचं न्हाणीघर त्यांच्या झोपायच्या खोलीत आहे, तिथे कशी जाणार?

मग मी आंघोळ सोडली.

सकाळी आत जायचं, कडी लावायची, दारातच कोरड्या जागी उभं राहून ओल्या पंच्यानं अंग पुसायचं. बादलीचा नळ सोडायचा, बाहेर आवाज गेला पाहिजे. भरलेली बादली जिथे उभी तिथूनच जाळीकडे कलती करायची. पुन्हा भरायची, पुन्हा कलती. केस समोरून ओले करायचे. धुतलेलं लुगडं नेसून बाहेर यायचं.

पहिल्या दिवशी बाहेर आले तर सून डबा भरत होती. रोज विचारायची तसंच तिनं विचारलं, "आई, झाली आंघोळ?"

"झाली."

मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. नव्या पांढऱ्या टाइलमध्ये माझं तोंड दिसत होतं. दूध तापवायचं होतं. हात पुढे झाला, मागे आला. मग पातेलं उचललं. काही झालं नाही. दूध नासलं नाही, उतू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी हात मागे आला नाही.

जयपूरचा उन्हाळा. अंगाची काहिली होते तिथे पुसण्यानं काय होणार? मी पावडर लावायला लागले. मुलगा एकदा जेवताना म्हणाला, "आई, आज पावडरचा वास फार येतोय."

"तुझ्या आमटीत नाही ना घातली? जेव."

त्यानंतर मी त्याच्या शेजारी बसायचं सोडलं, समोर बसायला लागले. जी बाई दुसऱ्याच्या घरी गेली तर उंबऱ्यातूनच ओळखायची की या घरात पारोशानं स्वयंपाक होतो, ती मी. आणि आता माझ्याच घरात मी वाऱ्याची दिशा बघून बसत होते.

आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. जड पाणी. नळाच्या तोंडाला पांढरं साचतं, भांडी नुसती वाळवली तर पांढरे ठिपके राहतात. चकचकीत टाइलवर तर विचारू नका. सुनेच्या न्हाणीघरात भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत पांढरे ओघळ. ती रविवारी लिंबू लावून घासायची आणि बुधवारी पुन्हा तेच. माझ्या न्हाणीघरात मात्र एक डाग नाही. टाइल दुकानातून आली तशीच.

सून आत डोकावून म्हणाली, "आई, कमाल आहे! तुम्ही काय लावता?"

"आंघोळ झाली की कोरड्या फडक्यानं पुसते."

"रोज?"

"रोज. तुम्हाला घाई असते."

शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती? पण बोलले. खोटं एकटं राहत नाही, त्याला टोमण्याची सोबत लागते. त्यावर ती बिचारी नवऱ्याला म्हणाली, "बघा जरा, या वयात आई रोज भिंती पुसतात, आणि तुम्ही टॉवेलसुद्धा उचलत नाही." दोघं माझ्या दारात उभे राहून माझी भिंत बघत होते. मी भाजी निवडत होते. गवारीच्या चांगल्या शेंगाही मी कचऱ्यात टाकल्या.

पाऊस आला, गेला, आणि भाद्रपदात गौरी आल्या.

जयपुरातली मराठी घरं थोडी, पण गौरीला एकमेकांकडे जातात. आमच्याकडे उभ्याच्या गौरी. मुखवटा आणायचा तो घरातल्या मोठ्या बाईनं, न्हाऊन, दारापासून कुंकवाच्या पावलांवरून. प्रत्येक खोलीत थांबून विचारायचं, इथे काय आहे? बाकीच्यांनी सांगायचं, इथे दूधदुभतं आहे, इथे धनधान्य आहे. असं सगळं घर तिला दाखवायचं आणि मग बसवायचं. लग्न झाल्यापासून सासू होती तोवर तिनं मुखवटा धरला, मग मी, आणि हे गेल्यावरही सुनेच्या आग्रहानं मीच.

त्या दिवशी मी ठरवलं होतं, काही झालं तरी आज डोक्यावरून पाणी घ्यायचं. लवकर उठले. आत गेले, कडी लावली. खाली बसले तर पडणार नाही, असं म्हणून फरशीवरच बसायला गेले. गुडघे वाकवले आणि ती पांढरी, गुळगुळीत, ओली की कोरडी न कळणारी जमीन डोळ्यांजवळ आली, तशी मी झटकन सरळ झाले. बसल्यावर उठणार कशी? भिंतीला धरायला काही नाही. दांडा इस्पितळात असतो. मी तशीच दाराला टेकून उभी राहिले. बाहेर मुलगा उदबत्तीचा पुडा शोधत होता.

बादली दोनदा ओतली आणि बाहेर आले.

मुखवट्याचं ताट सुनेच्या हातात देऊन म्हणाले, "यंदा तू घे. माझा खांदा दुखतो."

तिला आनंद झाला. मी बाजूला उभी राहून घंटा वाजवली. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि तिच्या त्या हिंदी वळणाच्या मराठीत तिनं विचारलं, "इथे काय आहे?"

उत्तर मी द्यायचं होतं.

"अन्नपूर्णा आहे," मी म्हटलं.

देवीला शिवले नाही, एवढं मी पाळलं. पण दुसऱ्या दिवशी देवीचं पुरण मीच शिजवलं, मीच वाटलं, पोळ्या मीच लाटल्या. पुरण सुनेला जमत नाही. मुखवट्याला हात लावायचा नाही आणि नैवेद्याला लावायचा, हा कुठला न्याय ते मला विचारू नका. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या. एकही फुटली नाही.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. स्वयंपाकघराच्या बुट्ट्यांचं कौतुक झालं, तशी सून म्हणाली, "हे काहीच नाही. आईंची बाथरूम बघा. सगळं त्यांनी स्वतः पसंत केलंय." मी म्हटलं, "असू दे गं, न्हाणीघर काय दाखवायचं?" पण त्या उठल्या. पैठण्या सावरत दारात गर्दी केली. सुनेनं दिवा लावला. भिंती लखलखल्या.

बँकेतल्या एका निवृत्त साहेबांच्या बायको आहेत, माझ्याच वयाच्या, नागपूरकडच्या. जिभेला हाड नाही. त्यांनी मान आत घालून इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, जयपूरच्या पाण्यात एवढी चकाचक? इथे कोणी आंघोळ करतं की नुसती आरतीच करता?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. सूनही हसली.

मग तिचं हसू थांबलं. मी तिच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. तिनं भिंत खालपासून वरपर्यंत बघितली. खाली, जाळीपाशी, पांढरा पट्टा होता. बादली कलती होते तिथे. बाकी कुठे काही नाही. मग तिची नजर साबणावर गेली. साबण माझ्या लक्षातच आला नव्हता. उन्हाळ्यात ठेवलेली वडी तशीच होती, वरची अक्षरं वाचता येतील अशी. तिनं दिवा बंद केला.

"चला, आत चला, प्रसाद घ्या," ती म्हणाली. आवाज साधा होता.

बायकांनी पुरणपोळी खाल्ली. नागपूरकरणीनं दुसरी मागून घेतली. "हाताला चव आहे तुमच्या," त्या मला म्हणाल्या. सून माझ्या हाताकडे बघत होती.

सगळ्या गेल्यावर मुलगा कुणाला तरी सोडायला गाडी घेऊन गेला. सून वाट्या गोळा करत होती. मी गौरीपुढे बसले होते. ती वाट्या ठेवून माझ्यापाशी येऊन बसली.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"आई, माझ्याशी नको."

"फरशी घातली तेव्हापासून."

"पडलात?"

"नाही. पडता पडता राहिले."

ती गौरीकडे बघत म्हणाली, "आजचं पुरण?"

"अंग पुसलं होतं."

"मला ताप होता तेव्हा मीपण अंग पुसलं होतं आई. तेव्हा तुम्ही मला ओट्याला हात लावू दिला नव्हता. मी फक्त पाणी गरम करायला आले होते."

ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं येतात. ती ओरडली नाही. एखाद्या मुलीला गणित चुकलेलं दाखवावं तसं तिनं दाखवलं. मला तिच्याकडे बघता येईना आणि समोर बघावं तर गौरी. मी पदराला लागलेलं हळदीचं बोट चोळत बसले.

"ह्यांना सांगू नकोस," शेवटी म्हणाले. मला मुलगा म्हणायचं होतं.

"नाही सांगणार. पण सकाळी मी आत येणार आहे."

"नको."

"मग ओट्यापाशी येऊ नका."

माझा नियम माझ्याच घरात पहिल्यांदा मला कुणी सांगितला.

सकाळी तिनं न्हाणीघरात गोणपाट अंथरलं, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि मला पाटावर बसवलं. दार उघडंच होतं, कारण दोघी आत मावत नव्हतो. तिनं डोक्यावरून पाणी घातलं. मी डोळे मिटून घेतले, साबण जाईल म्हणून नाही. पाठीवर किती मळ निघाला ते तिनं सांगितलं नाही, पण ती पुन्हा पुन्हा तिथेच घासत होती. दोन मुलांना पाजलेलं, लोंबलेलं शरीर आणि कमरेवर तो जुना व्रण, अजून काळपट. तिथे तिचा हात थांबला.

"हे नळाचं?"

"भिंतीचं."

"मतलब हाडही मोडलं असतं."

"मोडलं नाही ना."

"आई, तुम्ही पण ना," ती म्हणाली आणि तांब्या जरा जोरानंच ओतला.

तिनं मुलाला एवढंच सांगितलं की आईंना खालची टाइल आता आवडत नाही. तो माझ्यावर चिडला. "आई, दुकानात तमाशा करून तूच घेतलीस ना? आता पुन्हा खोदायचं? तुझं काय चाललंय?" मी म्हटलं, "नाही आवडत." लहरी म्हातारी म्हणून त्याची बोलणी खाल्ली. ती खाणं सोपं होतं, आणि ती सोय सुनेनं करून दिली होती. ती बाजूला उभी राहून फोनमध्ये काहीतरी बघत राहिली, माझ्यासाठी खोटं बोलून.

त्या दुकानात पुन्हा गेलो. तोच मुलगा होता. त्यानं ओळखलं की नाही कोण जाणे. सून गाडी लावत होती, तिची वाट बघत थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

"क्या दिखाऊँ माताजी?"

"बुजुर्गों वाली," मी म्हटलं.

"किसके लिए?"

"मेरे लिए."

त्यानं ती आणली. मी चप्पल काढून, ती जमिनीवर ठेवायला लावून, तिच्यावर अनवाणी उभी राहिले. तळव्याला टोचली. कोट्यासारखी. लहान चौकोनी घ्यायच्या ठरल्या, जितके सांधे तितकी पायाला पकड. हळद काही न्हाणीघरात उडत नाही. रंग गडद लाल घेतला. वीटकरी. भिंत पांढरी आणि जमीन लाल, म्हणजे कुठे काय संपतं ते दिसतं. दांड्याबद्दल सून काही बोलली नाही. मीच म्हटलं, "दोन लावा. एक उठायला, एक बसायला."

मिस्त्रीचं तोंड पडलं होतं. "कितनी बढ़िया मैचिंग थी अम्माजी," तो शिरा जुळवलेल्या टाइल फोडताना म्हणत होता.

आता मी एकटी आंघोळ करते. दार लोटलेलं असतं, कडी नाही. तेवढं सुनेनं मागून घेतलं आणि मी दिलं. भिंतीवर पांढरे ओघळ पडायला लागले, आधी नळाशी, मग पाटाच्या बाजूनं खांद्याच्या उंचीपर्यंत. सून सकाळी काहीतरी घ्यायच्या निमित्तानं आत डोकावते आणि भिंत बघून जाते. मला कळतं. तिलाही कळतं की मला कळतं. "आई, झाली आंघोळ?" हे मात्र ती आता विचारत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मी लिंबू घेऊन ते डाग घासायला बसले होते. ती दारात आली.

"राहू द्या ते, आई."

"घाण दिसतं."

"दिसू दे."

मी लिंबू खाली ठेवलं. डाग तसेच आहेत. हळदीकुंकवाला बायका आल्या की मी आधी उठून न्हाणीघराचं दार बाहेरून लावून घेते.